देवाची कुंडी

घोलवडला मी भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकिणीने माझा पगार विचारला नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मासे खाता का हेही विचारलं नाही. स्टीलच्या ताटलीत एक फूल घेऊन त्या बाहेर आल्या, ताटली माझ्या नाकाखाली धरली आणि म्हणाल्या, "वास सांगा."

मी म्हटलं, "छान आहे."

"छान म्हणजे काय? तोंडल्याची भाजीपण छान असते. वास सांगा."

मी तळासरीच्या कचेरीत नव्यानेच लागले होते. स्टेशनपासून बॅग ओढत आल्यामुळे घामाघूम झाले होते, आणि समोर तळहाताहून मोठं, गुलाबी, पांढऱ्या काठाचं ते फूल. असली फुलं मी फक्त मोठ्या हॉटेलांच्या काउंटरवर पाहिली होती. निघून जावं असं एकदा वाटलं. पण खोली हवी होती, म्हणून वाकून नीट वास घेतला.

"लवंग," मी म्हटलं.

"आणखी?"

"आणखी... आमच्या शाळेच्या मोठ्या बाई जवळून गेल्या की पावडरचा वास यायचा, तसा. आणि शेवटी जरासं सर्दीचं औषध."

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग ताटली बाजूला ठेवत म्हणाल्या, "चालेल. सामान कधी आणताय?"

मला धक्के लवकर बसतात हे खरं आहे. कुकरची शिट्टी झाली तरी ही दचकते, असं आई सगळ्यांना सांगत असते. पण त्या घरात मला जे धक्के बसले ते कुणालाही बसले असते, आणि त्यातला शेवटचा तर अजून उतरलेला नाही.

बाईंचं नाव सुलभा चुरी. घोलवडात त्यांना सगळे माई म्हणत आणि तळासरीकडच्या पाड्यांवर सिस्टर. उभा जन्म नर्सची नोकरी केलेली. तिकडे मी कुठेही गेले आणि राहते कुठे ते सांगितलं, की एखादी बाई हमखास आपल्या पोराला पुढे ढकलून म्हणायची, "हा सिस्टरच्याच हातावर झाला." माई उंच आणि काटकुळ्या होत्या. घड्याळ पुरुषी, आणि तेही मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेलं. पदराला कायम सेफ्टी पिना लटकत. नवरा निवृत्तीच्या आधीच गेलेला, मुलगा मंदार ठाण्याला. खाली त्या एकट्या आणि वर मी. मागे थोडी चिकूची झाडं, आणि पुढे सगळीकडे लिल्या.

लिली म्हटलं की आपल्याला हारवाल्याच्या टोपलीतल्या पांढऱ्या कळ्या आठवतात, नाहीतर कुंपणाशी उगवणारी ती बारीक गुलाबी फुलं. माईंच्या लिल्या वेगळ्याच. थंड मुलखातल्या जाती एकमेकींत मिसळून तयार केलेल्या, कमरेएवढ्या ताठ दांड्याच्या, आणि एक फूल उमललं तरी शेजारच्या बंगल्यात कळावं अशा वासाच्या. त्यांना हवी थंडी. आमच्या किनाऱ्यावर थंडी म्हणजे जानेवारीत चार दिवस पहाटे चादर ओढून घ्यायची, एवढीच.

"मग इथे वाढतात कशा?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं.

"फ्रीज उघड," माई म्हणाल्या.

मी उघडला. दूध, विरजण, आणि बाकी वरपासून खालपर्यंत भोकं पाडलेल्या पिशव्या. पिशव्यांत ओलसर काथ्याचा भुसा आणि त्यात खवल्याखवल्यांचे कंद. भाजीच्या कप्प्यात तेच, अंड्यांच्या जागीसुद्धा तेच. माईंची स्वतःची भाजी खिडकीत सुकत पडलेली होती.

"यांना वाटतं हिवाळा चाललाय," माई म्हणाल्या. "फसवायचं. बाहेर काढलं की वाटतं, झाला हिवाळा, आता फुलूया."

पाऊस पुरता सरला की लागवड. रस्त्याकडच्या भिंतीलगत लांब वाफा होता, वीतभर उंच केलेला, कारण पाणी थांबलं की कंद कुजतो. बाकी सगळीकडे भिंतीच्या रंगाच्या रिकाम्या बादल्या, तळाला भोकं पाडलेल्या. कंद खोल लावायचा, कारण मातीतल्या दांड्यालाही मुळं फुटतात. वर चिकूच्या वाळक्या पानांचा जाड थर. "पाय थंड आणि डोकं उन्हात," माई सांगत. "बाळंतिणीच्या बरोबर उलट." दुपारच्या उन्हाला बादल्या झाडाखाली सरकवायच्या. ते काम रविवारी माझ्या गळ्यात पडे, आणि भाड्यात ते धरलेलं आहे असं मला ऐकवलं जाई.

सकाळी माईंचा राउंड असे. प्रत्येक बादलीत दोन पेरं बोट खुपसायचं, थांबायचं, आणि निकाल द्यायचा. "हिला पाणी नको, हिचं पोट भरलंय." "हिला मावा पडलाय, साबणाचं पाणी मारू." जातींची इंग्रजी नावं त्यांना जिभेवर घ्यायची नसत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. पिवळी ती वकीलबाई. गुलाबी, लाल ठिपक्यांची ती गोवरवाली. एक उशिरा उमलायची, तिचं नाव मंदार.

पण सगळ्यात मोठं वेड वासाचं. फाटकातून जो कोणी आत येईल त्याला ताटली. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा सुटला नाही. बिचारा "फिनाइल" म्हणाला. मला वाटलं, आता याची खैर नाही. माई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर असेल. तुला आला तो तुझा." वाटेल ते बोललेलं चाले, पण छान म्हटलेलं चालत नसे.

वरोरहून काशीमावशी मासे घेऊन यायची. पाटी उतरवायच्या आधी तिला ताटली. तिने एकदा लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "बाय, माज्या लग्नातल्या अत्तराचा वास हा. नवऱ्यान नव्हता दिला हां, सासऱ्यान आणलेला." चिकूच्या पेट्या भरून पाठवणारे हर्षदभाई वकीलबाईवर खूश होते. "बेन, आ तो इलायचीवाळो शिखंड छे," ते म्हणत आणि पुन्हा वाकत.

रविवारी संध्याकाळी मंदारचा फोन यायचा. माई ओट्यावर बसून त्याला आठवड्याची बातमी देत. "वकीलबाई उमलली रे. वेलची घातलेल्या श्रीखंडाचा वास आहे. गोवरवाली म्हणजे जुन्या लग्नातलं अत्तर." मी वरून ऐकून हसायची. काशीमावशीचे आणि हर्षदभाईंचे शब्द बाई बिनदिक्कत आपले म्हणून खपवत होत्या. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला काही ना काही जमवायचा नाद लागतो, यांना हा लागला असेल.

वासाच्या या कारभारात एकच कुंडी वेगळी होती. मागच्या दारी तुळशीशेजारी मातीची मोठी कुंडी, गेरू लावलेली, त्यावर पांढऱ्या रेषा ओढलेल्या. ती देवाची. तिच्यात शुभ्र पांढऱ्या लिल्या यायच्या आणि त्या फक्त देव्हाऱ्यात जायच्या. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, हे तर आपल्याकडे लहान पोरांनाही शिकवलेलं असतं. पण माईंचा पहारा त्याहून कडक होता. त्या कुंडीवर नुसतं वाकलं तरी मागून आवाज यायचा, "नाक लांब!"

त्या कुंडीतले कंदही चिवट. बाकीचे आमच्या हवेत वर्षा-दोन वर्षांत झिजून लसणाएवढे होत आणि नवे आणावे लागत. देवाचे मात्र दर वर्षी जाडजूड निघत, एकाचे दोन झालेले. "बघ त्याची कृपा," माई म्हणायच्या. "रोपवाटिकेवाल्याने सगळ्यात भारी वासाचे म्हणून हेच दिले होते. भारीतलं ते त्याला."

आणि माई स्वतः? त्या कुठल्याच फुलाला नाक लावत नसत, वाफ्यातल्यासुद्धा नाही. "कधी कुठलं देवाला न्यावंसं वाटेल, सांगता येतं का?" असं म्हणायच्या. शेजारच्या बायका या संयमाचं फार कौतुक करायच्या. इतकी फुलं लावते आणि एकाचाही वास घेत नाही, असं त्या एकमेकींना सांगत. मीही माझ्या आईला फोनवर सांगितलं होतं.

आई दसऱ्याच्या सुमारास माझ्याकडे आली तेव्हाची गोष्ट. मी कचेरीत होते. तिला आमटी करायची होती, वरचा गॅस संपलेला. म्हणून खाली माईंच्या स्वयंपाकघरात गेली, फ्रीज उघडला आणि तिला वाटलं, बाईंकडे काय मोठाल्या पाकळ्यांचा लसूण आहे. दोन कंद सोलून तिने फोडणीत टाकले आणि वर फोन वाजला म्हणून गेली. मी आले तोवर फोडणी करपून कोळसा झाली होती. सगळ्या घरात असा जळका, कडवट वास भरला होता की मला फाटकाशीच ठसका लागला. आणि माई? त्या स्वयंपाकघराच्या दाराशी पाट टाकून बादल्यांना भोकं पाडत बसल्या होत्या. "आलीस? चहा टाक," म्हणाल्या.

आईला कळलं तेव्हा ती रडकुंडीला आली. माईंनी कढई अंगणात रिकामी केली. "खाल्लं नाहीत ना? दुकानच्या कंदांना काय काय चोपडलेलं असतं," एवढंच विचारलं, आणि आईच्या पाठीवर हात फिरवला. बाईंचं मन केवढं मोठं, पाहुणीचा मान राखायला करपलेलं कळूनसुद्धा उठल्या नाहीत, असं आम्ही मायलेकी रात्री बोललो. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

चुका मात्र माई कुणाच्या लपू देत नसत, स्वतःच्या तर नाहीच. "वॉर्डात चूक झाली की आधी आपण सांगायची," हे त्यांचं वाक्य. "दुसऱ्याने शोधेपर्यंत पेशंट जातो." वाणगावला एका लग्नात त्यांनी लिल्या पाठवल्या होत्या. टोपलीतल्या काही फुलांचे पुंकेसर काढायचे माई विसरल्या. लिलीचा पराग म्हणजे भयंकर प्रकार, पक्का केशरी. नवरदेवाच्या पांढऱ्या कोटावर छातीभर डाग. हळद तर काल झाली, मग ही कुठून, म्हणून बायका बघतायत, आणि कोणीतरी ओला रुमाल घेऊन धावलं. माई पंगतीतून उठून ओरडल्या, "पाणी लावू नका! चिकटपट्टी आणा!" मग भर मांडवात नवरदेवाला खुर्चीत बसवून त्यांनी चिकटपट्टीने एकेक डाग उचलला आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी काढायला विसरले."

म्हणूनच मंदारशी त्यांनी केलेल्या कराराची मला काळजी वाटायची. तो दर खेपेला म्हणायचा, "आई, एकटी किती दिवस राहणार? चल ठाण्याला." शेवटी माईंनी त्याला शब्द दिला होता. ज्या दिवशी माझ्या हातून घरात मोठी चूक होईल, त्या दिवशी मी स्वतः फोन करीन आणि तुझ्याबरोबर येईन. तोवर विषय काढायचा नाही. मंदार नाइलाजाने गप्प बसला होता. त्यालाही आईचा स्वभाव माहीत होता, चूक झाली तर ती लपवणार नाही. माईंच्या दृष्टीने ठाणं म्हणजे शिक्षाच होती. तिथे नवव्या मजल्यावर एक बाल्कनी, आणि तीही पश्चिमेची.

जानेवारी संपत आला होता. वाफा भरून फुललेला. तळासरीहून येणारी इको गाडी मला फाट्यावर सोडायची, तिथून चालत घर. दिवेलागणीची वेळ होती. फाटकातून आत आले आणि लिल्यांचा वास अंगावर आला. संध्याकाळी तो वाढतो. त्याच्या खाली आणखी एक वास होता, नवा. माईंनी लावलेली सवय, चप्पल काढता काढता मी मनात शब्द शोधायला लागले. कुजका कोबी. त्यात लसूण. कुठल्या बादलीतली ही, म्हणून मी वाफ्याकडे वळलेसुद्धा.

मग थांबले. वास वाफ्यातून येतच नव्हता.

मी घरात धावले. डासांमुळे खिडक्या बंद केलेल्या. शेगडीवर दुधाचं पातेलं, उतू गेलेलं, ज्योत विझलेली, खटका तसाच चालू. आणि पलीकडे देव्हाऱ्यासमोर माई उभ्या. निरांजनात वात, एका हातात काड्यापेटी, दुसऱ्या हातात काडी.

"माई! काडी ओढू नका!"

माझ्या किंचाळण्याने त्या दचकल्या. "का गं? काय झालं?"

"गॅस! गॅस सुटलाय!"

"कुठे?" माई म्हणाल्या.

हे "कुठे" मी मरेपर्यंत विसरणार नाही. घर गॅसने भरलं होतं, मला पदरातूनही श्वास घेववत नव्हता, आणि त्या त्याच्या मधोमध उभ्या राहून चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य. मी काड्यापेटी हिसकावली, खटका बंद केला, रेग्युलेटर फिरवला. दिव्याच्या बटणाकडे माझा हात गेला तेव्हा मात्र त्यांच्यातली नर्स जागी झाली. "बटणाला हात लावू नकोस! दारं उघड आधी!" दारं-खिडक्या उघडून मी त्यांना दंडाला धरून अंगणात आणलं. त्या पायरीवर बसल्या.

मग त्या म्हणाल्या, "किती होता?"

"काय?"

"वास. नीट सांग."

"घर भरलं होतं, माई. कुजका कोबी आणि लसूण. फाटकापर्यंत येत होता."

त्यांनी मान हलवली. मग तुळशीकडे बघत, वॉर्डातला अहवाल द्यावा तशा सपाट आवाजात म्हणाल्या, "मला वास येत नाही. साथीच्या वर्षी ताप आला, तेव्हापासून. आम्ही सगळ्याच सिस्टर आजारी पडलो होतो. बाकीच्यांचा परत आला, माझा नाही आला."

ती ताटली, तो मीटरवाला, श्रीखंड, अत्तर, रविवारचे फोन, करपलेली फोडणी, देवाला म्हणून न घेतलेला वास, सगळं एकदम उलटं होऊन समोर आलं. मी ज्याला संयम म्हणत होते ते काय होतं! आणि त्यांच्याच डोक्यावर, वरच्या खोलीत, मी इतके दिवस निवांत झोपत होते.

"मग लिल्या कशाला?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा. राग होता, भीती होती, काय होतं ते मलाच कळत नव्हतं.

"एका पेशंटच्या नातेवाइकाने एक बादली आणून दिली होती. शेजारच्या बंगल्यातून बाई विचारायला आली, कसला वास येतोय हो? मला वाटलं, जो वास तिथवर जातो तो माझ्यापर्यंत नाही येणार? फक्त नाकापर्यंतच तर यायचंय. दर वर्षी आणखी भारी वासाची आणली. अजून आला नाही."

"कुणाला सांगितलं नाहीत? मंदारला? तुम्हीच म्हणता ना, आधी आपण सांगायचं?"

"ते चुकांबद्दल. हे नुकसान होतं. नुकसान सांगायचा नियम नव्हता." मग हात पुढे केला. "फोन आण माझा. आता चूक झाली."

मी म्हटलं, राहू दे, मी कुणाला बोलणार नाही, विजेची शेगडी आणू. त्या हात तसाच पुढे धरून बसल्या. शेवटी मी फोन आणून दिला. "मंदार, दूध उतू गेलं, गॅस सुटला, मला कळलं नाही. ये," एवढंच त्या बोलल्या.

मंदार दुसऱ्याच दिवशी आला. मला वाटलं होतं, आता हा आरडाओरडा करणार. तो अंगणातल्या बादल्यांमधून नुसता फिरत राहिला. वकीलबाईपाशी थांबला, वाकला, बराच वेळ वास घेत राहिला. सरळ झाला तेव्हा डोळे भरले होते.

"वेलची घातलेलं श्रीखंड," तो म्हणाला. "आई, तू दर रविवारी मला... ते सगळं कुणाचं होतं?"

"लोकांचं," माई म्हणाल्या. "पण खोटं नव्हतं."

मग मात्र उलटंच घडलं. इतकी वर्षं चल चल म्हणणारा मुलगा विनवायला लागला की राहा. गॅस काढून टाकू, विजेची शेगडी लावू, वास आला की वाजणारं यंत्र मिळतं ते बसवू, वर वैशाली, म्हणजे मी, आहेच. मीही मान डोलावली. माईंनी दोघांचं ऐकून घेतलं.

"शब्द तुला दिला होता," त्या मंदारला म्हणाल्या, "पण घर हिच्या अंगावर पडलं असतं. वर भाडेकरू ठेवून खाली मी काडी ओढत होते. एवढी चूक झालेली बाई मी वॉर्डात ठेवली नसती."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि माईंनी मला बादल्या मोजायच्या सोडून रडते म्हणून झापलं.

टेम्पो ठरला. घर विकायचं नव्हतं, खाली नुसतं कुलूप घालायचं होतं, वर मी राहणारच होते. वाफ्यातल्या लिल्या माझ्या गळ्यात पडल्या. फुलं सरली तरी दांडा कापायचा नाही, पानं आपणहून पिवळी पडू द्यायची, मगच कंद काढून फ्रीजमध्ये ठेवायचे, असं मला तीनतीनदा वदवून घेतलं. बादल्या मात्र ठाण्याला. पश्चिमेच्या बाल्कनीत त्यांचं काय होणार ते माईंना माहीत होतं, तरी एकेक बादली त्यांनी स्वतः बांधून घेतली. काशीमावशी आली होती. ती माईंचा हात धरून नुसती बसून राहिली. हर्षदभाई चिकूची पेटी घेऊन आले आणि ठेवून लगेच गेले, त्यांना निरोप वगैरे जमत नाही.

सगळं चढल्यावर माई देवाची कुंडी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. त्या दिवशी तिच्यात एकच फूल उमललं होतं, इतकं पांढरं की बघत राहावं. मंदार ड्रायव्हरशी बोलत मागे दोऱ्या आवळत होता. माईंनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि ते फूल देठाशी खुडलं. माझ्या नाकापुढे धरलं.

मी मागे सरकले. "माई, देवाचं आहे!"

"देवाला विचारलंय. घे. इतकी वर्षं वाहतेय त्याला, काय वाहतेय ते एकदा कळू दे मला. सगळ्यात भारी आहे ते. नीट सांग."

मी वाकले. टेम्पोच्या डिझेलचा वास, मागच्या सगळ्या लिल्यांचा वास. मी फूल दोन्ही हातांनी ओंजळीत झाकून घेतलं, डोळे मिटले आणि पुन्हा श्वास घेतला. मग आणखी एकदा. ओल्या पानाचा येतो तेवढा. बाकी काही नाही.

त्या फुलाला वासच नव्हता.

असल्या बिनवासाच्या जाती असतात, हे माईंनीच मला शिकवलं होतं. त्या चिवट असतात, आमच्या हवेतही झिजत नाहीत, एकाच्या दोन होतात, हेही त्यांनीच सांगितलं होतं. मला फुलातून तोंड वर काढवेना. माई वाट बघत होत्या, डोळे मिटून, पहिल्या दिवशीसारख्या.

"छान आहे," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील, तोंडल्याची भाजी काढतील. त्यांनी माझ्या ओंजळीतून फूल काढून घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, मला वाटलं रडतायत. माई हसत होत्या. त्या अशा हसत होत्या की मंदार दोऱ्या सोडून धावत पुढे आला.

"काय झालं, आई?"

"काही नाही रे," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं वाटत होतं, मला नाही तर नाही, त्याला तरी येतोय."

समोर काचेपाशी ड्रायव्हरने महालक्ष्मीचा छोटा फोटो चिकटवला होता. माईंनी ते फूल, माझ्या नाकाला लागलेलं, त्या फोटोपुढे ठेवलं, हात जोडले आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला."